मेंढरांच्या वाटेवरची अंडी

"माळावर पाय ठेवायचा नाही, आणि का ठेवायचा नाही ते विचारायचं नाही."

त्या गावात मूल चालायला लागलं की त्याला आधी हे शिकवत. देवाचं नाव त्यानंतर.

गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा राज्य कोणाचं होतं ते आता कोणालाच सांगता येत नाही. गावाचं नावही विसरलं गेलं आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

गाव डोंगराच्या उतारावर वसलेलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला एक भलामोठा सपाट माळ होता. माळाच्या तीन बाजूंना रचीव दगडांची हद्द होती आणि चौथ्या बाजूला कडा. आत गवत होतं, आणि त्या गवतात निळी राहायची.

निळी म्हणजे फुलपाखरं. तान्ह्या बाळाच्या अंगठ्याच्या नखाएवढी. बसली की राखाडी दिसायची, उडाली की निळी. पाऊस सरून आश्विनाचं ऊन तापू लागलं की एका सकाळी ती माळावरून उठायची. मग गाव पालखी घेऊन दगडांपर्यंत जायचं आणि दगडांच्या अलीकडे उभं राहायचं. निळी उठताना दिसली की हलगी वाजायची, नव्या सुनांची ओटी भरली जायची, घराघरांत खीर शिजायची. त्या दिवसाआधी गावात कोणाचं लग्न ठरत नसे.

इतकं ज्यांचं कौतुक, त्यांना जवळून मात्र कोणीच पाहिलेलं नव्हतं. दगडांपलीकडे पाय ठेवायचा नाही, हा नियम होता.

नियम कुठून आला, तेही सांगायला हवं. फार मागे एकदा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा गावाने सगळी गुरं माळावर सोडली. गुरांनी गवत मुळासकट खाल्लं. माळ तव्यासारखा उघडा पडला आणि पुढे बरीच वर्षं एकही निळी उठली नाही. तेव्हाच्या जाणत्या माणसांनी माळ हिंडून पाहिला, कपाळाला हात लावला आणि दगड रचले. गवत परत आलं, निळी परत आली. नियम शहाणपणाचाच होता. पुढे ती जाणती माणसं गेली. त्यांनी काय पाहिलं होतं तेही त्यांच्याबरोबर गेलं. नियम आणि दुष्काळाची ही गोष्ट तेवढी मागे राहिली.

आणि निळी पुन्हा कमी होऊ लागली.

गावाच्या पंचांनी यावर एकच उपाय केला. नियम घट्ट केला. पूर्वी छप्पर शाकारायला कडेकडेचं गवत कापू देत असत, ते बंद झालं. निळी आणखी कमी झाली. मग कडेचं शेण गोळा करणं बंद झालं. निळी आणखी कमी झाली. मग हद्दीचे दगड एकेक हात उंच केले. दरवर्षी पंच तेच औषध थोडं जास्त द्यायचे, आणि दरवर्षी रोग्याची तब्येत खालावली तरी वैद्याच्या शहाणपणाबद्दल कोणाला शंका यायची नाही.

माळाला एक राखणदार असे. तो दगडांच्या बाहेरून फिरायचा, गुरं हाकलायचा आणि हद्दीलगतच्या खोपटात राहायचा. घरोघरचं धान्य त्याला मिळायचं. या गोष्टीतला राखणदार एका पावसाळ्यात वारला. मागे त्याची बायको राहिली आणि एक मुलगी, गोजरा. मुलगा नव्हता. पंचांनी खूप वेळ डोकं खाजवलं.

शेवटी केरोबा नावाचे पंच म्हणाले, "काठी ती काठीच. कोणी का धरेना, ढोर पळतंच."

अशी राखण गोजराकडे आली. तिच्याबरोबर आई होती, आणि आईला खोपटाखेरीज दुसरं डोकं टेकायला ठिकाण नव्हतं. म्हणून गोजराने पहिले काही महिने तोंड मिटून काम केलं. मग तिला राहवेना. पंचांमध्ये थोरले होते दाजीबा. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. गोजराने त्यांना रस्त्यातच गाठलं.

"आबा, निळी कमी का होतायत?"

"लोकांची नीयत फिरली की असं होतं."

"पण आत जाऊन कोणी बघितलंय का?"

"आत जायचं नसतं."

"मग कळणार कसं?"

"तुला कळायला ठेवलेलं नाही, राखायला ठेवलंय." आबांचा आवाज चढला. "तुझ्या बापाने जन्म काढला या राखणीत. एका शब्दाने विचारलं कधी?"

"नाही विचारलं. म्हणून तर मला विचारावं लागतंय."

मागून येणारे केरोबा हसले. "घ्या आबा! आपण पोरीच्या हातात काठी दिली, आणि तिने जिभेला धार लावली."

त्या वर्षी पाऊस सरला. ऊन तापलं. पालखी निघाली. गाव दगडांच्या अलीकडे उभं राहिलं. हलगीवाला हात वर करून तयार होता.

माळावरून चार-दोन निळी उठली, वाऱ्याने थोडी भरकटली आणि कड्याच्या बाजूला दिसेनाशी झाली. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. वाजवावं की नाही, त्याला कळेना. तेवढ्यात कोणाची तरी लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "एवढीच?" तिच्या आईने तिच्या तोंडावर हात दाबला. जे सगळ्यांना दिसत होतं ते बोलल्याबद्दल शिक्षा झाली ती तिला एकटीला.

संध्याकाळी पंच चावडीवर बसले.

"कोणीतरी आत गेलंय," आबा म्हणाले. "त्याशिवाय असं होणार नाही."

दुसरं काही कारण असेल, असं कोणीच सुचवलं नाही. आबांनी गोजराला बोलावून घेतलं.

"कोणाचा पाय पडलाय ते शोध. दिवाळीच्या आत नाव पाहिजे. नाव आणलंस तर राखण तुझी. नाही आणलंस तर काठी इथे ठेवायची आणि आईला घेऊन खोपट रिकामं करायचं."

गोजरा दुसऱ्या दिवशी हद्दीच्या कडेने चालू लागली. गावाच्या बाजूचे दगड जागच्या जागी होते. दोन्ही बगलांचेही बहुतेक होते. पार पलीकडे, जिथे बगला कड्याला भिडतात आणि गावातून नजर पोचत नाही, तिथे मात्र दगड बाजूला सारलेले होते. मधल्या वाटेवर जुन्या, वाळलेल्या लेंड्या पडल्या होत्या. बोरीच्या काट्यांना लोकर लागलेली होती.

म्हणजे मेंढरं. म्हणजे धनगर. नाव सापडल्यातच जमा होतं. गोजरा तिथूनच मागे फिरू शकली असती.

ती दगडांशी थांबली. एक पाय आत टाकला, बाहेर घेतला, परत टाकला. मग दुसराही टाकला.

आधी ती उंच गवतात शिरली. कुसळीचं गवत छातीला लागत होतं, कुसळं लुगड्यात घुसत होती. तिने काठीने गवत बाजूला करून खाली पाहिलं. खाली अनेक वर्षांचं मेलेलं गवत गादीसारखं साचलं होतं. ते ओलसर होतं, त्याला कुबट वास येत होता. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं. दगडांपलीकडून गाव ज्याला सोन्यासारखा माळ म्हणायचं, तो आतून असा होता. तिथे तिला एकही निळी दिसली नाही.

मग ती मेंढरांच्या वाटेवर आली. वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होती आणि कड्याच्या काठाने माळ ओलांडून जात होती. मेंढरांनी वर्षानुवर्षं जाता-येता तिथलं गवत कुरतडलं होतं. ते जेमतेम घोट्याएवढं होतं. त्यामधून ऊन थेट मातीवर पडत होतं, आणि त्या उन्हात जागोजाग भुईगुळी पसरली होती. भुईगुळी म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारी बारीक पानांची वनस्पती, लालसर इवल्या फुलांची. गावात तिला कोणी विचारत नसे.

निळी तिला विचारत होती.

गोजरा उकिडवी बसली. एक निळी आली, भुईगुळीच्या पानावर टेकली. बाजारात बाई लुगड्याचा पोत चाचपून बघते तसं तिने पायांनी पान चाचपलं. उठली, दुसऱ्या पानावर गेली, तेही चाचपलं. मग पोटाचं टोक वाकवून पानाला लावलं आणि उडून गेली. गोजराने जमिनीवर गाल टेकवून पाहिलं. पानावर खसखशीच्या दाण्याहून बारीक, चपटं, फिकट हिरवं अंडं होतं.

ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथेच होती. निळी उंच गवताकडेही जात होती. त्यावरून भिरभिरत होती आणि कुठे न टेकता वाटेवर परत येत होती. उंच गवतात शोधून शोधून गोजराला भुईगुळीचं एक रोप मिळालं. ते उन्हासाठी लांबच लांब वाढलेलं, फिकट आणि लुळं होतं. त्यावर अंडं नव्हतं.

वाटेवर एका ठिकाणी खैराचं झाड होतं. मेंढरं बहुधा त्याच्या सावलीत थांबत असावीत. तिथे नुसती धूळ होती आणि लेंड्यांचा थर. गवत नव्हतं, भुईगुळी नव्हती, निळीही नव्हती.

गोजरा घरी गेली. नाव तिने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशीही आली. त्या लुळ्या रोपाभोवतीचं गवत तिने हाताने उपटून टाकलं, कुजलेली गादी उचलून फेकली. रोप उन्हात आलं. काही दिवसांत त्याला नवी पानं फुटली, आणि एका सकाळी त्यावर एक निळी उतरली, तिने पान चाचपलं आणि अंडं घातलं.

वाटेवरच्या पहिल्या अंड्यांतून एव्हाना अळ्या निघाल्या होत्या. अळी पानाच्याच रंगाची, आणि तिच्या अंगावरून मुंग्या फिरत होत्या, तिला सोडत नव्हत्या, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नव्हत्या. गोजराला हसू आलं. या माळाला खरे राखणदार होते तर. आणि ते दगडांच्या बाहेरून फिरत नव्हते.

ती अशी पालथी पडलेली असतानाच मागे मेंढरांचा गलका झाला.

"आगं ए! मेली का जिती हाईस?"

कळपाच्या पुढे एक धनगरीण उभी होती. डोईवर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दोन कोकरं. तिने गोजराच्या हातातली काठी पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"राखणदारीण व्हय तू? घ्या. गेलं आता."

"तुझं नाव काय, मावशी?"

"ठकू. आन् हे समदं माझं खटलं." तिने कळपाकडे हात केला. "नवरा न्हाई, लेक न्हाई. ही मेंढरंच. आता तू जाऊन सांगशील, आन् पंच ती बी घेतील."

"माळातून कशाला आणतेस? खालून घाट आहे ना?"

"त्या घाटानं तू एकदा गाभण मेंढी घेऊन जाऊन दाव. मागं एकदा गेले, तर दोन कोकरं दरीत गेली. माझी सासू हिथनंच यायची, तिची सासूबी हिथनंच यायची. पावसाळा सरला की येताना एकदा, पाऊस लागायच्या आधी जाताना एकदा. उभं न्हाई ऱ्हात आमी. त्या खैराखाली घोटभर पाणी प्यायचं, की चाललं."

"आणि जातेस कुठे?"

ठकूबाई हसली. तिचे पुढचे दात पडलेले होते. "तुज्या आबाच्या वावरात. दर साली सांगावा धाडतो, ठकू, दुसऱ्या कुणाच्या आधी माज्या वावरात मेंढरं बसव. लेंडीखत पायजे ना म्हाताऱ्याला! लौकर पायजे. कंच्या वाटंनं आलीस, ते मातुर कंदी इचारत न्हाई."

गोजरा उठून बसली. "मावशी, ही निळी बघितलीस का तू कधी?"

"ही व्हय? आस्तात की. माज्या मेंढरांनी खाल्ली म्हनून सांगनार हाईस का?"

"ती तुझ्या मेंढरांच्या वाटेवरच अंडी घालतात. बाकी माळात कुठेच नाही."

ठकूबाईने वाकून पाहिलं. तिला काही दिसलं नाही. "डोळं गेलं माझं. तू म्हनतीस तर आसतील." मग ती गंभीर झाली. "पोरी, अंड्यांचं मला काय बी कळत न्हाई. तू सांगनार की न्हाई, तेवडं बोल. सांगनार आसशील, तर मी आत्ताच माघारी फिरते."

गोजराला खोपट आठवलं, आई आठवली. तिने काही वचन दिलं नाही.

"जा तू," ती एवढंच म्हणाली. "कोकरं उन्हात तापतायत."

गोजराला काही सांगावंच लागलं नाही. ठकूबाईचा कळप आबांच्या शेतात बसला. एका सकाळी केरोबा तिथून चालले होते. त्यांनी कौतुकाने एक कोकरू उचललं आणि पटकन खाली सोडलं. हाताला कुसळं टोचली होती. त्यांनी दुसरी मेंढी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांच्या लोकरीत कुसळं भरलेली होती. त्या मुलखात कुसळी एवढी माजलेली होती ती एकाच ठिकाणी.

दुपारपर्यंत कळप गावच्या कोंडवाड्यात होता आणि ठकूबाई चावडीसमोर. सगळं गाव जमलं. पंच ओट्यावर बसले. गोजराला बोलावणं गेलं.

"ही मेंढरं माळात गेली होती?" आबांनी विचारलं.

"गेली होती."

गावातून एकच आवाज उठला. ठकूबाईने डोळे मिटले.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं. मीही आत गेले होते."

तिच्या आईने पदर तोंडाला लावला.

आबांनी स्वतःला सावरलं. ते वाईट माणूस नव्हते. निळी कमी झाल्याचं दुःख त्यांना खरोखर होतं, आणि त्या दुःखापायी ते काहीही करायला तयार होते. माळावर जाऊन बघणं तेवढं त्यात येत नव्हतं.

"पोर आहेस. तुला एक संधी देतो," ते म्हणाले. "कळप देवस्थानाला जमा होईल. ही बाई पुन्हा या डोंगरावर दिसणार नाही. आणि ती वाट तू तुझ्या हाताने बंद करायचीस. बाभळी तोड, या टोकापासून त्या टोकापर्यंत काटे पसर. तेवढं केलंस तर तुझा गुन्हा माफ. राखण तुझी, खोपट तुझं."

"माज्या मेंढरांबिगर मी काय खाऊ, आबा?" ठकूबाई ओरडली. "त्यापरीस मला बी कोंडवाड्यात घाला की!"

"तू गप्प बस."

"आबा," गोजरा म्हणाली, "ती मेंढरं दरवर्षी तुमच्या शेतात येतात. कुठून येतात असं वाटत होतं तुम्हाला? उडत?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. आबांचा चेहरा लाल झाला.

"मला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"गोजरा!" केरोबा म्हणाले. "थोरांशी बोलतेयस."

"केरोबा नाना, मी माळाबद्दल बोलतेय. ऐका तरी. निळी अंडी घालते ती भुईगुळीवर. भुईगुळीला ऊन लागतं. उंच गवताखाली ती मरते. जिथे मेंढरांनी गवत थोडं खाल्लंय, तिथेच ती जगलीय, आणि तिथेच निळी जगलीयत. या वर्षी जी चार-दोन उठली, ती त्या वाटेवरचीच. त्या वाटेवर काटे पसरले तर पुढच्या वर्षी तेवढीही उठणार नाहीत."

"म्हणजे मेंढरं घातली की निळी वाढतात?" केरोबांनी गावाकडे बघून डोळे मिचकावले. "मग सगळ्या गावाचीच घालू या की! माझी म्हैस पण धाडतो."

"सगळी घातलीत तर दुष्काळातल्यासारखं होईल. खैराखाली मेंढरं उभी राहतात, तिथे सगळी धूळ झालीय. तिथेही अंडं नाही. एका साली माळाचा एक तुकडा चरू द्यायचा, पुढच्या साली दुसरा. बाकीचं गवत उभं ठेवायचं. सगळं मोकळं कधी करायचं नाही, आणि सगळं बंदही कधी ठेवायचं नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी बघितलं. तुम्हीही चला. आत्ता चला, अजून ऊन आहे. मी अंडं दाखवते, अळी दाखवते."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एक पंच चुळबुळले, उठल्यासारखे झाले. आबांनी त्यांच्याकडे नजर टाकली तशी ते परत बसले.

"आम्ही आत पाऊल टाकायचं?" आबा म्हणाले. "म्हणजे तू मोडलास तो नियम आम्हीही मोडायचा? आमच्या बापजाद्यांनी—"

"ज्यांनी नियम केला ते आत गेले होते, आबा. माळ हिंडले, मग दगड रचले. तुम्ही दगड तेवढे उंच करत आलात."

"पुरे!" आबांनी ओट्यावर हात आपटला. "मला शिकवायला उभी राहिलीस? गावाचं भलं मी बघतो आहे. तू जन्मायच्या आधीपासून बघतो आहे. एका शब्दात सांग. काटे पसरणार की नाही?"

गोजराने आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत भीती होती. पण तिने मान हलवून नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. ती मुलीकडे नुसती बघत राहिली.

"नाही," गोजरा म्हणाली. "मी काटे पसरणार नाही. काठी घ्या. खोपट उद्या रिकामं करते. पण वाट बंद करायची तर तुम्ही जाऊन करा. आत जा, वाका, प्रत्येक काट्याखाली काय आहे ते बघा आणि मग पसरा."

तिने काठी ओट्यावर ठेवली. मग तिने पंचांकडे, एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मला एवढंच सांगा. इतकी वर्षं तुम्ही निळीची राखण करताय. तुमच्यापैकी एकाने तरी तिचं अंडं बघितलंय का? एकाने हो म्हणा. मी आत्ता जाते बाभळी तोडायला."

केरोबांनी आबांकडे पाहिलं. चुळबुळणारे पंच आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. आबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोणीतरी हो म्हणेल, याची ते वाट बघत होते. मग त्यांनीही मान खाली घातली.

ठकूबाई उठली. ती कोंडवाड्यापाशी गेली आणि तिने आगळ सरकवली. मेंढरं एकमेकांना ढकलत बाहेर आली आणि गर्दीच्या मधून डोंगराच्या बाजूला चालू लागली. लोक बाजूला झाले. अडवा, असं पंचांपैकी कोणी म्हणालं नाही. माळावर काटे घालायला त्या दिवशी कोणी गेलं नाही, त्यानंतरही कोणी गेलं नाही. खोपट रिकामं कर, असंही गोजराला कोणी म्हणालं नाही.

बोध एवढाच, की ज्याला जपायचं असेल त्याच्याकडे आधी गुडघे टेकून नीट बघावं.